आईचं औषध

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. घरात नवरा-बायको, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. गेल्या हिवाळ्यात सापुताऱ्याहून येताना रस्त्यावर स्ट्रॉबेरी घेतली, तेव्हापासून दोघा मुलांनी 'आपल्या गच्चीत लावू' म्हणून धोशा लावला होता. यंदा नोव्हेंबरच्या सुरुवातीला नर्सरीतून सहा रोपं आणून कुंड्यांत लावली. तीन आठवड्यांत चार गेली. 'मुलं सकाळी उठून आधी कुंड्यांपाशी जायची आणि मला ते बघवेना,' असं त्या लिहितात. मग एके दिवशी मुलं शाळेत असताना त्यांनी मेलेली रोपं उपटून टाकली आणि तशीच चार नवी आणून त्याच कुंड्यांत लावली.

धाकट्याला पत्ता लागला नाही, मुलीला लागला. तिने वहीत एका रोपाचं चित्र काढलं होतं, त्यात एक पान किड्याने चंद्रकोरीसारखं खाल्लेलं. 'आई, हे पान बरं कसं झालं?' असं तिने विचारलं आणि यांच्या तोंडून निघून गेलं, 'औषध मारलं.' आता मुलगी सगळ्यांना सांगत सुटलीय की आईकडे मेलेलं झाड जगवायचं औषध आहे. वर्गातली एक मैत्रीण सोमवारी घरचं वाळलेलं रोप घेऊन येणार आहे. नवरा म्हणतो, लहान आहे, विसरेल. सासूबाई म्हणतात, नाशकात द्राक्षं पिकतात, हे महाबळेश्वरचे लाड हवेत कशाला. बाईंचे प्रश्न दोन : मुलीला खरं सांगावं का, आणि सांगायचं तर कसं? आणि नवी रोपं तरी जगवायची कशी?

ताई,

आधी सोमवारचं बघू, कारण तो दारात येऊन ठेपलाय. शनिवार-रविवारात मुलीला खरं सांगून टाका. घरात मारलेली थाप घरातल्या घरात निस्तरता येते. मैत्रिणीचं रोप आलं की त्यात दुसऱ्याचं पोर, तिची आई, अख्खा वर्ग गुंतणार. आणि ते वाळकं रोप काही उठून उभं राहणार नाही. मग एक तर मुलगी वर्गात खोटी पडेल, नाहीतर तुम्ही पुन्हा गुपचूप नर्सरी गाठाल. या दुसऱ्या वाटेचा मोह तुम्हाला होईल, असं पत्र वाचून वाटलं. रागावू नका.

'विसरेल' हे तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटत नाही. जी मुलगी पानाचा कुरतडलेला कोपरा वहीत उतरवून ठेवते, ती विसरणाऱ्यांतली नव्हे. तिने काय केलं ते बघा तरी. सहा कुंड्यांतलं एक पान लक्षात ठेवलं, काही दिवसांनी पुन्हा पाहिलं, फरक टिपला आणि विचारलं. कित्येक वर्षं बाग करणाऱ्यांना हे जमत नाही. आणि नेमकं त्याच प्रश्नाला आपण भलतं उत्तर दिलं. फार मोठं पाप झालं असं नाही. 'चिऊने खाऊ नेला' हे आपण सगळ्यांनीच मुलांना सांगितलंय, आणि त्यातली गंमत मुलं आतून ओळखून असतात. औषधाचं तसं नाही. तिच्या डोळ्यांनी तिला बरोबर सांगितलं होतं आणि आईने ते खोडून काढलं. म्हणून कबुलीची सुरुवात 'सॉरी'ने करू नका. 'तुला जे दिसलं ते बरोबर होतं' इथून करा.

समोर बसवून, 'मला तुझ्याशी जरा बोलायचंय' असं तर मुळीच नको. त्या सुरानेच पोरं धास्तावतात. संध्याकाळी दोघी गच्चीत कुंड्यांपाशी बसा, हातात खुरपं असू द्या. 'ते पान बरं झालं नव्हतं गं. ते रोप मेलं होतं. मला वाईट वाटलं म्हणून मी दुसरं आणून लावलं, आणि तू विचारलंस तेव्हा थाप मारली. औषध-बिवषध काही नाही माझ्याकडे.' एवढं बोलून थांबा. ती चिडेल, कदाचित रडेल, किंवा 'मला माहीतच होतं' म्हणेल. मला हे तिसरंच जास्त शक्य वाटतं. मग 'मेलेली कुठेयत?' असा प्रश्न येईल. घंटागाडीत गेली असतील तर तसंच सांगा, कोपऱ्यात टाकली असतील तर काढून दाखवा. ती तुम्हाला पुढे लागणारच आहेत, कशाला ते सांगते. मैत्रिणीला काय सांगायचं ते मात्र मुलीला ठरवू द्या. 'आईने गंमत केली होती' म्हणाली तरी चालेल, तिथे तुम्ही दुरुस्त्या करायला जाऊ नका.

धाकट्याला एवढा सगळा खुलासा नको. जुनी रोपं असलेल्या दोन कुंड्यांत एकेक रंगवलेला गोटा ठेवायला द्या. 'ही पहिली, या नंतरच्या.' पाच वर्षांच्या पोराला तेवढं पुरतं.

आता ज्या समजुतीतून हे झालं तिच्याबद्दल. मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून केलं, असं तुम्ही म्हणता. पण पत्रात मुलं काय म्हणत होती ते कुठेच नाही. 'मला बघवेना' एवढंच आहे. ती रडत होती का? की नुसती जाऊन बघत होती? मरायला टेकलेल्या रोपाकडे मुलं पुष्कळदा निव्वळ कुतूहलाने बघतात आणि आपण त्याला दुःख समजतो. माझ्या भाच्याने एकदा मेलेला टोमॅटो कुंडीतून उपटला, नळाखाली मुळं धुतली आणि 'याला दाढी आहे!' म्हणून घरभर दाखवत फिरला. दुःख मला झालं होतं. बी मी आणलं होतं ना.

नवी रोपं आणण्यात काही चूक नव्हती, हेही सांगते. हंगाम हातात असताना कुंड्या रिकाम्या ठेवून 'बघा, मरण असं असतं' हा धडा देण्याची गरज नसते. फक्त आणायला मुलांना बरोबर न्यायचं होतं. नर्सरीत मुलंच रोप निवडतात तेव्हा ती हमखास फूल आलेलं निवडतात. ते उचलू द्यावं एखादं, बाकीची मात्र आखूड देठांची, मधोमध कोवळी पानं फुटत असलेली घ्यावीत.

तुमची रोपं का गेली, त्याचा माग तुमच्याच पत्रात तीन ठिकाणी आहे. माहेरची निफाडकडची काळी माती आणून भरली. रोपं 'पडू नयेत म्हणून चांगली खोल' लावली. आणि पाणी सकाळी मुलगी घालते, संध्याकाळी मुलगा, मध्ये पूजेनंतर सासूबाई तांब्या ओततात. यातलं एकेकच असतं तर रोपाने तग धरलाही असता, तिन्ही मिळून जरा जड झालं.

काळी माती कांद्याला, गव्हाला सोनं असेल, पण कुंडीत ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगड होते. शिवाय ती थोडी अल्कधर्मी असते आणि स्ट्रॉबेरीला हलकी आम्ल माती लागते, सामू (पीएच) साधारण साडेपाच ते साडेसहा. काळ्या मातीत नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती लोह धरून ठेवते, मुळांना ते मिळत नाही. लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या मापाने घ्या. कोकोपीट आधी दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. कुंडी आठ-दहा इंच खोल असली की बास, मुळं फार खाली जात नाहीत. खालची भोकं खरंच मोकळी आहेत का ते बोट घालून बघा. विकतच्या प्लास्टिकच्या कुंड्यांना कित्येकदा भोकाची नुसती खूण असते.

लावणीची चूक मीही केलीय. पहिल्या वर्षी बारा रोपं झेंडूसारखी गळ्यापर्यंत पुरली आणि दहा दिवसांत मधला कोंब काळा पडून बाराच्या बारा कुजली. स्ट्रॉबेरीला उंच खोड नसतं. मुळांच्या वर जो जाडसर गाभा असतो, जिथून पानं फुटतात, तो मातीच्या पातळीला बरोबर उघडा राहायला हवा. मातीत गेला तर कुजतो, फार वर राहिला तर मुळं उघडी पडून वाळतात. आता ती मेलेली रोपं काढा आणि मुलीसमोर गाभा चाकूने उभा चिरून बघा. निरोगी गाभा आतून पांढरट असतो, कुजलेला तपकिरी आणि मऊ. वहीत त्याचंही चित्र येईलच. नवी चार तुम्ही घाईने त्याच मातीत लावली असणार, तेव्हा हा निकाल लागला की ती लगेच उचला आणि नव्या मातीत बसवा. बोलणं झालं की रविवारी सगळ्यांनी मिळून हेच काम काढा ना.

पाण्याचा एकच नियम : बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तर घालायचं, ओलं लागलं तर नाही. तेही बुंध्याशी, पानाफुलांवर नको, नाहीतर राखाडी बुरशी येते आणि फळं मऊ पडून सडतात. सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर ते टाळा. स्ट्रॉबेरीला क्षार सोसत नाहीत, पानांच्या कडा जळाल्यासारख्या होतात. नळाचं पाणी बादलीत भरून ठेवा. आणि पोराचा पाणी घालायचा आनंद हिरावून घेऊ नका. त्याला मेथीची एक पसरट कुंडी द्या, ती त्याची. भोकं मोकळी असली की मेथी पोरांचं बरंच प्रेम सोसते, आठवड्याच्या आत हिरवीगार होते आणि महिन्याभरात खुडून पराठ्यातही जाते. सासूबाईंच्या तांब्याला गच्चीतला कढीपत्ता किंवा जास्वंद दाखवा. 'स्ट्रॉबेरीला घालू नका' म्हणण्यापेक्षा 'जास्वंदीला घाला' म्हटलेलं ऐकलं जातं, हा अनुभव.

सासूबाईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, निम्मं नाही. ज्या रस्त्याने तुम्ही सापुताऱ्याहून आलात तो आपल्याच जिल्ह्यातून येतो. वणीच्या पुढे, सुरगाणा तालुक्यात बोरगावच्या आसपास आदिवासी शेतकरी स्ट्रॉबेरी पिकवतात, कळवण तालुक्यातही लागवड आहे, आणि रस्त्याकडेला मांडलेली फळं तिथलीच असतात. तो पट्टा आपल्याहून थंड आणि तिथली जमीन निचऱ्याची, हे खरं. पण थंडी नाशकालाही आहे, निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो. आणि परक्या पिकाचंच म्हणायचं तर आपलं लाडकं 'थॉमसन' द्राक्ष काय दिंडोरीत जन्मलं?

स्ट्रॉबेरीची गोष्ट तर याहून लांबची आहे, रात्री धाकट्याला सांगण्यासारखी. फ्रेझिए नावाच्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने 1714 साली चिलीहून मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची मोजकी रोपं जहाजाने फ्रान्सला नेली. कित्येक महिन्यांचा प्रवास करून ती जगली, वाढली, फुललीही, पण फळ काही धरेना. कारण त्याने आणलेली सगळी मादी रोपं निघाली. फळांनी लगडलेली बघून निवडली असणार बिचाऱ्याने. पुढे उत्तर अमेरिकेतल्या, व्हर्जिनियाकडच्या स्ट्रॉबेरीच्या शेजारी ती लावली गेली तेव्हा फळं आली, आणि त्या दोघींच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी झाली. राजाच्या माळ्यांनाही वर्षानुवर्षं नुसती पानं बघावी लागली, तर तुमचे तीन आठवडे किस झाड की पत्ती.

सासूबाईंचा पैशाचा हिशेब मात्र अगदी बरोबर आहे. एका रोपावर घरच्या कुंडीत मूठ-दोन मुठी फळं आली तरी खूप झालं. तेवढ्या पैशांत रस्त्यावर खोका मिळतो. त्यांच्याशी यावरून वाद घालू नका, हरणार तुम्हीच.

वेळेचं आता. आपल्याकडे रोपं खरं तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात लावायची, म्हणजे डिसेंबरपासून फळ धरतं. तुमची दोन जुनी रोपं फुलावर येतच असतील, त्यांची फुलं राहू द्या. नव्या चारांची पहिली फुलं खुडायची असतात, म्हणजे रोप आधी मुळं धरतं. पुस्तकी सल्ला बरीच खुडायला सांगतो, पण तुम्हाला उशीर झालाय आणि मार्चपासून नाशिकची गच्ची तापते, म्हणून मी पहिलं एकच फूल खुडा म्हणेन. मुलं कळवळतील. खुडलेलं फूल वाटीत पाण्यावर ठेवा. कुंड्यांना रोज सहा तास तरी ऊन हवं, आणि मातीवर भाताचा पेंढा पसरा. इगतपुरी-त्र्यंबककडून येणारं कुणी असेल तर पोतंभर फुकट मिळेल, नाहीतर उसाचं पाचट चालतं. फळ ओल्या मातीला टेकलं की सडतं आणि गोगलगायींची चंगळ होते.

उंचावरच्या गच्चीत मधमाश्या कमी फिरतात. तसं असेल तर चित्रकलेचा मऊ, कोरडा ब्रश घेऊन मुलीने सकाळी उमललेल्या फुलाच्या पिवळ्या मध्यावरून हलकेच गोल फिरवावा. हे काम तिचंच आहे. फळावर बाहेरून जे दाणे दिसतात, शे-दोनशे, ती वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने खरी फळं. लाल गर म्हणजे फुलाची फुगलेली बैठक. दाणा भरला तर त्याच्याभोवतीचा गर फुगतो, परागकण न पोचलेल्या बाजूला फळ खुरटतं. वेडंवाकडं फळ दिसलं की कुठली बाजू राहून गेली ते ती स्वतःच शोधून काढेल, मला खात्री आहे.

फुलापासून फळ पिकेपर्यंत साधारण महिना लागतो आणि खरी परीक्षा शेवटच्या चार दिवसांत असते. फळ अर्धं लाल झालं की धाकटा तोडणार, किंवा त्याच्या आधी बुलबुल. बुलबुलासाठी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा पुरतो. धाकट्याला समजावून सांगायचं ते असं : ही आंब्यासारखी अढीत घालून पिकत नाही. तोडली की थोडा रंग चढेल, गोडी नाही. देठाजवळचा पांढरा भाग लाल होईपर्यंत थांबायचं. तरी तो एक कच्चं तोडेलच. तोडू द्या आणि खाऊ द्या, आंबट तोंड करेल तोच त्याचा धडा. पहिल्या पिकल्या फळावरून मात्र भांडण होणार. ते सासूबाईंच्या ताब्यात द्या. देवापुढे ठेवतील, मग सुरीने पाच फोडी करून वाटतील. प्रसादावर वाद होत नाही, आणि स्ट्रॉबेरीलाही घरात मान मिळेल.

तुम्ही शेवटी कीटकनाशक विचारलंय. हे खरं 'औषध' तर नकोच. मुलं कुंडीपाशी उभी राहून तोंडात टाकणार, तिथे काही फवारायचं नाही. पानाखाली बारीक जाळं आणि ठिपके दिसले तर तो लाल कोळी. पानं उलटी करून पाण्याच्या झोताने धुवा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा. मावा, म्हणजे कोवळ्या पानांवरचे बारीक किडे, आला तर बोटाने पुसून काढा. फारच झालं तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात, बाटलीवरच्या प्रमाणात, ऊन उतरल्यावर आणि उघडी फुलं वगळून. बुरशी धरलेलं पान-फळ लगेच खुडून बाहेर.

ज्या वाचकांच्या गॅलरीत दोन-तीन तासच ऊन येतं, त्यांनी मुलांच्या हट्टाला भरीस पडून स्ट्रॉबेरी लावू नये. पानं येतील, फळ येणार नाही. मेथी, पालक, पुदिना लावा आणि स्ट्रॉबेरी खायला एखाद्या रविवारी बोरगावला जा.

मार्च-एप्रिलात रोपं लांब दोरे सोडतील, टोकाला छोटं रोप घेऊन. त्याला रनर म्हणतात. ते शेजारच्या छोट्या कुंडीत टेकवून खडा ठेवला की मूळ धरतं, मग दोरा कापायचा. पण नाशिकच्या मे महिन्यातून ती पार पडणं कठीण, सावलीत हिरव्या जाळीखाली ठेवूनही माझी दहातली दोन वाचतात. मुलांना हे आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे मे महिन्यात तुम्हाला नर्सरीत धावावं लागणार नाही.

हो, मैत्रिणीचं ते वाळलेलं रोप कसलं आहे हे तुम्ही लिहिलंच नाही. या दिवसांत बहुधा तुळस असते. नखाने साल खरवडून बघायला सांगा. आतून हिरवी असेल तर मंजिऱ्या आणि वाळक्या काड्या खुडायच्या, उन्हाच्या खिडकीत ठेवायची, पाणी अगदी बेताचं. तपकिरी असेल तर गेली.